बेकनवाल्यानं लॉट कापला? आधी पावती नीट वाचा

तक्रार नेहमीचीच आहे. गावच्या व्यापाऱ्याला डुकरं जात होती. भाव बेताचा, पण रोख. मग कुणीतरी सांगितलं की पुण्याकडं नाहीतर हैदराबादला बेकन (डुकराच्या मांसाचे मुरवून धुरी दिलेले काप) करणारे किलोमागं बरेच जादा देतात. फोनवर बोलणं झालं, गाडी भरली, रात्रभर चालवली. सकाळी गेटवर निम्मा लॉट दुसऱ्या प्रतीत गेला, दोन नग नाकारले, आणि भाडं वजा जाता हातात पडलं ते गावच्या भावाहून कमी. मग फोन येतो, "दादा, बुडवलं त्यांनी."

बुडवणारे असतात, त्यांच्याकडं शेवटी येतो. पण परभणी, हिंगोली, जालन्याकडच्या ज्या पावत्या माझ्या नजरेखालून गेल्या, त्यातल्या बऱ्याच पावत्यांवर कपातीचं कारण लिहिलेलं होतं. आपण थेट खालची रक्कम बघतो आणि कागद खिशात घालतो. तो कागद जपून ठेवा. पुढच्या लॉटमध्ये काय सुधारायचं ते तिथंच कळतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसू द्या. गावचा व्यापारी अख्खं डुक्कर घेतो. डोकं, पाय, चरबी, आतडी, सगळ्याला त्याच्याकडं गिऱ्हाईक असतं. बेकनवाल्याचा धंदा पाठीवर आणि पोटावर चालतो. पाठीचा लांब स्नायू आणि पोटाची पट्टी मिठात मुरवायची, धुरी द्यायची, थंड करून पातळ काप काढायचे आणि पाकिटात भरायचे. मुरवणीचे तास ठरलेले, काप करायच्या मशीनचं माप ठरलेलं, पाकिटाची रुंदी ठरलेली. सत्तर किलोच्या डुकराची पट्टी त्यात अपुरी पडते, एकशे तीसच्या डुकराची चरबी पाकिटातून डोळ्यात भरते. तुमचं डुक्कर चांगलं आहे की वाईट हा प्रश्नच तो विचारत नाही. मापात बसतं का, एवढंच बघतो.

पावतीवर "कमी वजन" किंवा "जादा वजन" लिहिलंय

सगळ्यात जास्त कपात इथं होते. बेकनसाठी साधारण ९० ते १०० किलो जिवंत वजन मागतात आणि तेही सहा-सात महिन्यांच्या वयात. लार्ज व्हाईट यॉर्कशायर, लँडरेस या विदेशी जातींचं डुक्कर किंवा त्यांचा चांगला संकर नीट खाद्यावर तिथं पोहोचतो. देशी डुक्कर पोहोचत नाही. त्याला शंभर किलो करायला गेलात तर वय वाढतं आणि अंगावर नुसती चरबी चढते. देशी जनावराला स्थानिक बाजार आहे, तिथं त्याची चवीसाठी मागणीही आहे. ते बेकनच्या गाडीत घालूच नका.

खरी अडचण जातीची कमी आणि सवयीची जास्त आहे. आपल्याकडं जनावर विकलं जातं ते पैशाची नड पडली तेव्हा. पेरणीच्या तोंडावर बी-खताला पैसे पाहिजेत म्हणून सत्तर किलोचं निघतं. भाव पडलेला असला की "थोडं थांबू" म्हणत म्हणत तेच एकशे तीसवर जातं. थांबण्यात फायदा वाटतो, पण नव्वदच्या पुढं किलोभर वजन वाढवायला चार किलो किंवा त्याहून जास्त खाद्य लागतं, आणि वाढतं ते बहुतेक चरबीच्या रूपात. म्हणजे खाद्याला पैसे घालून आपणच दर्जा उतरवायचा.

काटा नसेल तर टेप वापरा. जनावर खाद्याच्या भांड्यात तोंड घालून शांत उभं असताना पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा. मग दोन कानांच्या मधून पाठीवरून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी. दोन्ही मीटरमध्ये. घेर गुणिले घेर, गुणिले लांबी, गुणिले ६९.३, की किलोत वजन येतं. घेर १.१० आणि लांबी १.१२ भरली तर जवळपास ९४ किलो. मान वर केलेली असेल तर लांबी चुकते, म्हणून खाताना मोजा. टेप ढिला धरला की आकडा फुगतो, हेही ध्यानात असू द्या. दोन-चार किलो इकडंतिकडं होईल, पण "अंदाजे शंभरचं असेल" यापेक्षा हे कितीतरी बरं. गाडी ठरायच्या महिनाभर आधी एकदा आणि आठवड्यावर आल्यावर एकदा मोजून, मापात बसणाऱ्यांच्या पाठीवर रंगाची खूण करा. खूण नसलेलं जनावर गाडीत चढवायचं नाही. "जागा आहे तर हे पण घेऊन जाऊ" असं म्हणून चढवलेलं डुक्करच हमखास परत येतं.

भाव जास्त सांगितला होता, पैसे कमी आले

यात बहुतेक वेळा कुणी खोटं बोललेलं नसतं. गावचा व्यापारी जिवंत वजनावर भाव बोलतो, कारखाना सोललेल्या धडाच्या वजनावर. दोन आकडे शेजारी ठेवून तुलना केली की फसायला होतंच.

ढोबळ हिशेब मांडून बघू. समजा, गावात जिवंत भाव १२० रुपये आहे आणि तुमचं डुक्कर शंभर किलोचं आहे. म्हणजे दारात १२,००० रुपये. तेच डुक्कर उपाशी ठेवून रात्रभर प्रवास करून गेटवर पोहोचलं की चारेक किलो घटतं, ९६ राहतं. डोक्यासकट धड साधारण ७६ टक्के पडतं असं धरलं तर ७३ किलो. समजा, भाडं आणि हमाली मिळून नगामागं ५०० रुपये खर्च आला. आता १२,५०० भागिले ७३ करा, १७१ रुपये येतात. कारखान्यानं १७० रुपये भाव दिला तरी तुम्ही गावच्याच भावावर आलात, वर जागरण वेगळं. डोकं काढून वजन धरत असतील तर धड ६८ किलोच्या आसपास येतं आणि बरोबरीचा भाव १८४ रुपयांवर जातो.

म्हणून भाव विचारायच्या आधी तीन प्रश्न विचारा. वजन डोक्यासकट की डोक्याविना? गरम धडाचं की थंड केल्यानंतरचं? शीतगृहात रात्रभर लटकलेलं धड अजून दोनेक टक्के हलकं होतं. आणि आतली पोटाची चरबी धडात धरतात की काढून? ही तीन उत्तरं मिळेपर्यंत भावाच्या आकड्याला काही अर्थ नाही. हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर एकदा मांडून ठेवा, नंतर फक्त आकडे बदलायचे.

"चरबी जाड" आणि "चरबी मऊ" या दोन वेगळ्या तक्रारी आहेत

जाड चरबीचं कारण सरळ आहे. वय जास्त, वजन जास्त, किंवा शेवटच्या दोन महिन्यांत नुसत्या मक्यावर पोसलेलं. प्रथिनं कमी आणि पिष्ट जास्त झालं की मांस कमी धरतं, चरबी वाढते. सोयापेंड महाग झाली की ती कमी करून मका भरडा वाढवायचा हा आपल्याकडचा ठरलेला उपाय, आणि त्याचं बिल पाठीच्या चरबीवर फाडलं जातं.

मऊ चरबीचा घोळ लवकर ध्यानात येत नाही. डुक्कर जे तेल खातं तेच त्याच्या चरबीत उतरतं. हॉटेलचं खरकटं, त्यातलं तळणीचं तेल, भाजलेलं अख्खं सोयाबीन, तेल न काढलेला तांदळाचा कोंडा, यांनी चरबी थंड करूनही घट्ट होत नाही. मशीनवर काप फाटतात, पाकिटात चिकटतात. जिवंत जनावर बघून हे ओळखता येत नाही, त्यामुळं शेतकऱ्याला वाटतं कारण नसताना कापलं. उपाय म्हणजे शेवटचे पाच-सहा आठवडे तेलकट खाद्य पूर्ण बंद. तेल काढलेली सोयापेंड चालते. मक्याचा काही भाग काढून ज्वारी किंवा फुटका गहू घाला, चरबी घट्ट यायला मदत होते. लातूरकडं डाळमिलची चुनी सहज मिळते; थोडी चालते, पण चुनीवरच भिस्त ठेवली तर वाढ मागं पडते. आणि पावसात काळी पडलेली ज्वारी किंवा बुरशीचा मका स्वस्त मिळतो म्हणून आणू नका. वाढीची डुकरं खाणं सोडतात. माद्यांना त्या बुरशीनं अवेळी माजासारखी सूज येते, मग पुढचं वेत बिघडतं.

खरकटं बंद करायला अजून एक मोठं कारण आहे. आफ्रिकन स्वाइन फिव्हर भारतात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये पहिल्यांदा आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचं शेड रिकामं करतो, आणि खरकट्यातल्या डुकराच्या मांसाच्या तुकड्यातूनही येऊ शकतो. प्रादुर्भाव जाहीर झाला की एक किलोमीटरचं बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंतचं निगराणी क्षेत्र ठरतं, डुकरांची ने-आण अडकते. तुमची डुकरं ठणठणीत असली तरी मग गाडी निघत नाही. काही खरेदीदार हल्ली "खरकट्यावर पोसलेली नाहीत" असं लिहून मागतात, ते उगाच नाही.

वास, गाठी, दाणे

वास येतो तो खच्ची न केलेल्या नराच्या मांसाला, तापवल्यावर. पिल्लू पहिल्या दोन आठवड्यांतच पशुवैद्यकाकडून खच्ची करून घ्या. मोठं झाल्यावर केलं तर जखमही मोठी आणि वास जायलाही वेळ लागतो.

मानेत इंजेक्शनची गाठ सापडली की तेवढा भाग कापून टाकतात. मांडीत टोचलं असेल तर नुकसान जास्त, म्हणून कानामागंच टोचा. प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर कत्तलीआधी किती दिवस सोडायचे ते छापलेलं असतं. गोचीड-जंतांसाठीच्या आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनला साधारण चार आठवडे धरून चाला. कोलिस्टिन हे प्रतिजैविक असलेलं काहीही वापरायचं नाही. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्यावर २०१९ पासून बंदी आहे, आणि खाद्यात मिसळायच्या जुन्या पुड्या कुठंतरी कोपऱ्यात पडून असतात.

दाणे म्हणजे मांसात तांदळाएवढ्या, पाण्यानं भरलेल्या पांढुरक्या गाठी. माणसाच्या पोटातल्या पट्टकृमीची अंडी विष्ठेतून डुकराच्या पोटात गेली की हे होतं. असं धड निकामी करतात आणि बाकीच्या लॉटकडंही संशयानं बघतात. मोकाट सोडलेल्या डुकराचा हा रोग आहे. शेड बंदिस्त ठेवा, कामगारांसाठी संडास असू द्या आणि त्यांना जंताचं औषध मिळेल हे बघा. शंका असेल तर डुकराचं तोंड उघडून जिभेच्या खालच्या बाजूनं बोट फिरवून बघतात, गाठ हाताला लागते. मात्र हाताला लागली नाही म्हणजे दाणे नाहीतच, असं धरून चालू नका.

गाडीत मेलं, किंवा "मांस फिकट, पाणी सुटतंय"

मराठवाड्याचा उन्हाळा या धंद्याला सोसत नाही. डुकराला माणसासारखा घाम येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की ते खाणं कमी करतं, त्यामुळं मेअखेरीस द्यायचा लॉट हमखास दोन-तीन आठवडे मागं पडतो. करार करताना हे आधीच धरा. नराच्या वीर्यावरही उन्हाचा परिणाम होतो, माद्या उलटतात (गाभ न धरता पुन्हा माजावर येतात), आणि पुढच्या हिवाळ्याच्या शेवटाला विकायच्या नगांचा खड्डा पडतो. शेडवर पाचट, दुपारी फवारा, नराला सावलीचा गाळा, एवढं तरी करावंच लागतं.

गाडीचं बोलायचं तर घाबरलेलं, धापा टाकणारं डुक्कर थेट कापलं की मांस गरम असतानाच त्यातली आम्लता झपाट्यानं वाढते. मांस फिकट पडतं, लिबलिबीत होतं, पाणी सोडतं, मीठ नीट धरत नाही. बेकनवाल्याच्या दृष्टीनं पाठ गेली. हा दोष गोठ्यातला नव्हे, शेवटच्या बारा तासांतला आहे.

निघायच्या आधी दहा-बारा तास खाद्य बंद, पाणी मात्र चालू. सूर्य कलल्यावरच चढवायचं. चढण जास्त उभी नको. पायऱ्या-दगड रचून केलेली चढण तर नकोच. काठी आणि शेपूट पिरगाळणं बंद करा. प्लायचा एक तुकडा दोन्ही हातांत धरून मागं चालत राहिलं की डुकराला मागं वाट दिसत नाही, ते आपसूक पुढं जातं. काठीचा वळ सोललेल्या पाठीवर लाल पट्ट्यासारखा उमटतो आणि त्याची कपात वेगळी होते. गाडीच्या आत दिवा लावा, अंधाऱ्या तोंडात डुक्कर शिरत नाही.

वेगवेगळ्या गाळ्यांतली डुकरं एकत्र केली की चावाचावी सुरू होते. मधे फळी टाका. शंभर किलोच्या नगाला साडेचार चौरस फूट जागा हवी, म्हणजे पिकअपमध्ये नऊ-दहा, उन्हाळ्यात त्याहून एखाद-दुसरं कमी. खाली ओली वाळू किंवा भिजवलेलं बारदान. ड्रायव्हरला जेवायला थांबायचं असेल तर डुकरं चढवण्याआधीच जेवू घाला. थांबलेल्या गाडीत वारा बंद होतो आणि डुकरं तिथंच मरतात.

कागद

कानात बिल्ला, पशुवैद्यकीय दवाखान्याचा आरोग्य दाखला, लसीकरणाची नोंद (निदान क्लासिकल स्वाइन फिव्हरची, हा आफ्रिकनहून वेगळा रोग), गाडीचे कागद. राज्यात २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या पशुधनाची खरेदी-विक्री आणि वाहतूक करता येत नाही. पशुधन विकास अधिकाऱ्यांना गाडीच्या दिवशी सकाळी गाठू नका, तीन-चार दिवस आधी सांगा. ते तालुक्याच्या बैठकीला गेलेले असतात तो नेमका आपलाच दिवस निघतो.

"कमीत कमी एवढे नग पाहिजेत"

पाच-सात माद्यांच्या शेतकऱ्याला इथंच दार बंद होतं. एका वेळी मापातले चार-पाच नग निघतात, त्यासाठी कारखाना दर लावत नाही आणि भाडंही परवडत नाही. मग दोन-तीन गावांचे नग गोळा करून गाडी भरतात, त्यात ८० किलोचंही असतं आणि ११५ चंही.

गोळा करायची वेळ ही नव्हे. ती दहा महिने आधी येते. मादीची पिल्लं तोडली (दुधावरून वेगळी केली) की चार ते सात दिवसांत ती माजावर येते. तीन-चार शेतकऱ्यांनी ठरवून एकाच दिवशी पिल्लं तोडली तर त्यांच्या माद्या एकाच आठवड्यात भरतात (नर दाखवून गाभण होतात), ११४ दिवसांनी एकाच आठवड्यात वितात, आणि पुढं सहा-सात महिन्यांनी सगळ्यांची पिल्लं एका वयाची असतात. दहा माद्या अशा जुळवल्या आणि मादीमागं आठ पिल्लं जगली तर ८० नग. सगळी एकाच दिवशी मापात येत नाहीत. जोमदार आधी, किरटी नंतर, अशा दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं तीन-चार मोठ्या गाड्या निघतात. खाद्य सगळ्यांनी एकाच सूत्राचं वापरायचं, नाहीतर वय एक आणि चरबी वेगवेगळी. भांडण होतं ते नेहमी कुणाचे नग पहिल्या गाडीत यावरून. टेपचं माप सगळ्यांसमोर घेतलं की ते बरंच मिटतं.

नाताळची मागणी धरायची असेल तर उलटं मोजा. मुरवणीला वेळ लागतो म्हणून माल नोव्हेंबरच्या मध्याला पोहोचायला हवा. म्हणजे पिल्लं एप्रिल-मेमध्ये जन्मलेली, आणि माद्या जानेवारीत भरलेल्या. एप्रिल-मेची पिल्लं उन्हातून जगवणं सोपं नाही, पण डिसेंबरचा भाव त्यामुळंच मिळतो.

दोन-तीनच माद्या असतील आणि जोडीदार मिळत नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे. बेकनच्या मागं लागू नका. तोडलेली पिल्लं वाढवणाऱ्याला विका, किंवा साठ-सत्तर किलोवर स्थानिक बाजारात. राष्ट्रीय पशुधन अभियानात वराहपालनाला ५० टक्के भांडवली अनुदान आहे, कमाल ३० लाखांपर्यंत, पण ते मोठ्या प्रकल्पांसाठी. अनुदानासाठी शेड मोठं करून मग गिऱ्हाईक शोधत फिरणारे बरेच बघितले.

सगळं बरोबर होतं तरी पैसे अडकले

आता बुडवणारे. तोंडी भावावर पहिली गाडी भरून पाठवू नका. साध्या कागदावर का होईना, वजनाचा पट्टा (किती किलोपासून किती किलोपर्यंत), पट्ट्याबाहेर गेल्यास किलोमागं किती कपात, डोक्यासकट की विना, गाडीत मेलेलं कुणाच्या अंगावर, तपासणीत नाकारलेलं कुणाच्या अंगावर, पैसे किती दिवसांत, आणि त्यांच्या शीतगृहात जागा नाही म्हणून तारीख पुढं ढकलली तर त्या दिवसांच्या खाद्याचं काय, हे लिहून सही घ्या. शेवटचा मुद्दा कुणी लिहीत नाही. गोठ्यात उभ्या असलेल्या चाळीस नगांचं रोजचं खाद्य शंभर किलोच्या पुढं जातं, आणि दोन आठवडे तारीख ढकलली तर त्यातले निम्मे पट्ट्याबाहेर जातात. ढकललेल्या तारखेचा माल जुन्याच पट्ट्यानं मोजायचा नाही, असं एक वाक्य त्यात घालून घ्या.

निघताना गावच्या भुईकाट्यावर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन करून पावती घ्या. पहिल्या लॉटला गटातला एक माणूस गाडीबरोबर जाऊ द्या आणि धडं टांगल्यावर काटा बघू द्या. सरळ कारखाना हे नाकारत नाही. "आत येऊ देत नाही" असं म्हणणाऱ्याला दुसरी गाडी पाठवायची की नाही हे तुम्ही ठरवा. आमच्या गटानं अशा एकाला पाठवली नाही. आणि गावचा व्यापारी कितीही भाव पाडत असला तरी त्याच्याशी बोलणं तोडू नका. पट्ट्याबाहेरचे नग दर लॉटला निघणारच, ते त्याच्याच दारात जायचे आहेत.